राजे सोडून बाकीची माणसं: इलियड, ओडिसी की हेसिओड?

ग्रीक महाकाव्य म्हटलं की ढाली, रथ आणि रुसून बसलेला योद्धा अकिलीस आठवतो. पण तुम्हाला त्यातले राजे नकोत, दळणारी, डुकरं राखणारी, चावडीवर भांडणारी माणसं हवी आहेत. मग आधी काय हातात घ्यावं?

होमरचं इलियड, म्हणजे ट्रॉयच्या युद्धाचं काव्य, सुमारे १५,७०० ओळींचं, आणि कथेत साध्या माणसाला जागा जवळजवळ नाहीच. दुसऱ्या सर्गात थर्सायटीझ नावाचा शिपाई ग्रीक सैन्याचा प्रमुख राजा आगामेम्नॉन याला सगळ्यांदेखत विचारतो, तुझे तंबू लुटीने भरलेत, अजून किती हवंय? इथाकाचा राजा ओडिसियस राजदंडाने त्याच्या पाठीवर वळ उठवतो. हसतात कोण, तर बाकीचे शिपाई. पण लढाईच्या मध्येच होमर उपमा देतो आणि तिथे खरं गाव दिसतं. बाराव्या सर्गात दोन्ही सैन्यं तोडीस तोड आहेत हे सांगताना तो एक कष्टकरी बाई आणतो: हातात तराजू, एका पारड्यात लोकर, दुसऱ्यात वजन, मुलांसाठी चार पैसे मिळावेत म्हणून चाललेलं मोजमाप. अठराव्या सर्गात अकिलीसच्या ढालीवर तर अख्खी वस्ती कोरली आहे. खुनाच्या भरपाईवरून दोघांचा वाद पेटलाय, लोकांत तट पडलेत, म्हातारे दगडांवर गोलाकार बसलेत, आणि जो सर्वांत सरळ निवाडा देईल त्याच्यासाठी मध्ये दोन टॅलेंट (वजनाचं ग्रीक माप) सोनं ठेवलंय. नांगर फिरवून बांधाशी आलेल्या प्रत्येकाला वाइनचा पेलाही मिळतो.

ओडिसी हे युद्धानंतर घरी परतणाऱ्या ओडिसियसचं होमरचं काव्य; त्यात हीच माणसं बोलायला लागतात. चौदाव्या सर्गात ओडिसियस भिकाऱ्याच्या वेषात येतो तेव्हा त्याची डुकरं राखणारा नोकर युमेयस बसलाय बैलाचं कातडं कापून स्वतःसाठी वहाणा करत. अंगावर धावलेली कुत्री तो हाकलतो, पाहुण्याला बसायला स्वतःच्या अंथरुणातलं कातडं घालतो आणि डुकराची पिल्लं भाजून वाढतो. वर ऐकवतो, की धष्टपुष्ट डुकरं त्या उपटसुंभ वरांच्या (ओडिसियसच्या बायकोशी लग्न करायला टपलेल्यांच्या) पोटात जातात, आम्हा नोकरांच्या वाट्याला हीच. कवी त्याचा उल्लेख ‘तो’ असा न करता मध्येच त्याला थेट हाक मारून बोलतो, एरवी फार थोड्यांशी बोलावं तसं.

आणि विसावा सर्ग चुकवू नका. ओडिसियसच्या वाड्यात जात्यावर बारा जणी राबतात. अकरा दळण उरकून झोपल्या आहेत, सर्वांत अशक्त बाई अजून दळतेय. निरभ्र आभाळात गडगडतं आणि ती देवांचा राजा झ्यूस याला म्हणते, ज्यांच्या पिठासाठी माझे गुडघे मोडले त्यांचं हे शेवटचं जेवण ठरू दे. ओवी नाही, पण जात्याशी बसून मन मोकळं करणं तेच.

माझी तक्रार एकच: या काव्यात चांगला नोकर म्हणजे मालकाशी इमानी नोकर. वरांबरोबर झोपलेल्या बारा दासींना बाविसाव्या सर्गात आधी रक्ताने भरलेला दिवाणखाना पुसायला लावतात, मग एका दोरीला ओळीने फाशी देतात. त्यांची बाजू कुणी विचारत नाही.

ग्रीक कवी हेसिओडचं ‘कामे आणि दिवस’ अवघ्या ८२८ ओळींचं. लढाई नाही, म्हणून याला महाकाव्य म्हणावं का यावर वाद घालता येईल. छंद मात्र होमरचाच. इथे शेतकरी स्वतःच बोलतो, आणि कुरकुरतोच जास्त. भाऊ पर्सीस वाटणीत फसवतो, राजे लाच खातात, आणि त्याचं अस्क्रा गाव हिवाळ्यात वाईट, उन्हाळ्यात छळणारं, कधीच धड नाही. कृत्तिका उगवल्या की कापणी, मावळल्या की नांगरणी, हा त्याचा हिशेब. बायकांबद्दल तो जे बोलतो ते सोसावं लागतं.

एकच वाचणार असाल तर ओडिसी, तेही चौदाव्या सर्गापासून. इलियड पहिल्या पानापासून सुरू केलंत तर दुसऱ्या सर्गातल्या जहाजांच्या यादीत अडकाल. थेट ढालीकडे जा. हेसिओड एका संध्याकाळी संपतो. हिवाळ्यात लोहाराच्या भट्टीशी शेकत गप्पा ठोकणाऱ्यांना तो झापतो तो भाग आधी शोधा, कारण गावात लोक कुठे जमायचे ते त्या रागातूनच कळतं.