बिशप, सभा की स्वतंत्र मंडळी? घटनादुरुस्तीला मत देण्याआधी

चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) या आपल्या एकत्रित प्रोटेस्टंट चर्चची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात झाली. सहा चर्चसंस्था एकत्र आल्या. अँग्लिकनांनी बिशप आणले, प्रेस्बिटेरियनांनी वडिलांच्या, म्हणजे निवडून दिलेल्या ज्येष्ठ सभासदांच्या सभा, आणि आमच्या नगरकडच्या काँग्रिगेशनल मंडळ्यांनी (मंडळी म्हणजे एका चर्चचे सभासद) ‘आमचं आम्ही ठरवू’ हा बाणा. घटनेत तिघांनाही जागा आहे. व्यवहारात मात्र पारडं बिशपांकडे झुकलं, असं माझं मत. रचना बदलायची चर्चा तुमच्याही पास्टरेट कमिटीत, म्हणजे स्थानिक चर्चच्या कारभारी समितीत, चालू असेल, तर समोर तीन वाटा आहेत.

बिशपांची व्यवस्था मोडीत काढा म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे की आधी खेड्यातली पंचवीस घरांची मंडळी बघा. पाळकाचा पगार तिला झेपत नाही. डायोसिस, म्हणजे बिशपांच्या देखरेखीखालचा अनेक मंडळ्यांचा विभाग, आहे म्हणून तिला पाळक मिळतो. मंडळीत दोन तट पडले तर समजूत घालायलाही कुणीतरी बाहेरचं, वडीलधारं लागतं. दुखणं वेगळंच आहे. पुष्कळ ठिकाणी पाळकांच्या बदल्या, डायोसिसन कौन्सिलचं अध्यक्षपद आणि मालमत्तेच्या ट्रस्टवरचा शब्द एकाच माणसाच्या हाती असतो. आमच्या चर्चची कौलं फुटली तेव्हा दुरुस्तीची परवानगी यायला दोन पावसाळे गेले. प्रभुभोजनाच्या मेजाशेजारी पातेलं ठेवून आम्ही उपासना केली. त्या थेंबांचा आवाज मी विसरलेलो नाही.

सभांची व्यवस्था बघायची तर मिझोराममधलं प्रेस्बिटेरियन चर्च बघावं. तिथे बिशप नाहीत. मंडळी आपले वडील निवडून देते, अध्यक्ष मुदतीपुरता असतो आणि निर्णय सभा घेते. पण म्हणून सिनॉड, म्हणजे तिथली सर्वोच्च सभा, दुबळी नाही. पाळकांच्या नेमणुका तीच करते. घरोघरी बायका प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात, आणि त्या मुठींवर मोठं मिशनकार्य उभं राहिलं आहे. हिशेब आपल्यासमोर होतो असा भरवसा असला की माणसं अशी देतात. मात्र सभांना वेळ लागतो, आणि सभेतही दोन-चार घराण्यांचं वर्चस्व होऊ शकतं.

पूर्ण स्वतंत्र मंडळीबद्दल थोडक्यात सांगतो. शहरातल्या सधन मंडळीला ती सोयीची, पण गावाकडच्या भावंडांचा आधार तुटतो. मला ते पटत नाही.

माझं मत मधल्या वाटेला आहे. बिशप राहू द्या, पण पाळकांचे पाळक म्हणून. मालमत्तेचा ट्रस्ट निवडून आलेल्या विश्वस्तांकडे द्या, बदल्यांसाठी समिती नेमा, आणि तपासलेला हिशेब दरवर्षी मंडळीपुढे वाचून दाखवा.

कुठलीही वाट निवडा, नुसत्या ठरावावर विसंबू नका. गुजरातमधल्या ब्रेदरन चर्चच्या खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने विलीनीकरणाचा ठराव पुरेसा मानला नाही. कायद्याची प्रक्रिया झाली नसल्याने ते चर्च आणि त्याची मालमत्ता सीएनआयमध्ये विलीन झाली नाही, असा निर्णय दिला. म्हणून पुढच्या बैठकीला येताना चर्चच्या जागेचा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड आणि धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदीचा उतारा सोबत आणा. जागा कोणत्या ट्रस्टच्या नावावर आहे आणि विश्वस्त म्हणून कुणाची नावं लागली आहेत, ते मतदानाआधी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवा.