क्यूबोल्डसाठी जीईएसईपीआय: काही महिन्यांच्या वापरानंतर

मेंदूच्या मॅपवरच्या डागांची तक्रार केली, तर आमच्या एमआरआय मशीनच्या सर्व्हिस इंजिनिअरने पुन्हा तेच ऐकवलं: "सर, शिम स्पेकमध्ये आहे, फरक हवा असेल तर अपग्रेड घ्या." (शिम म्हणजे मशीनचं चुंबकीय फील्ड एकसारखं करायची सोय.) कोटेशनचा आकडा लिहीत नाही, बीपी वाढतं. त्या चिडीत जीईएसईपीआयवाली (जाड स्लॅबच्या पातळ स्लाइस काढून फील्डचा बिघाड टाळणारी) एएसई, म्हणजे असिमेट्रिक स्पिन एको, ही स्कॅनची सिक्वेन्स लावली, ती अजून चालू आहे.

क्यूबोल्ड, म्हणजे एमआरआयवरून मेंदूतल्या रक्ताचा ऑक्सिजन मोजायचं काम, करणाऱ्यांना दुखणं सांगायला नको. ३ टेस्लाचं मशीन, धडधाकट कॉलेजची पोरं, आणि प्रत्येकाच्या मॅपवर भुवयांच्या वर लालभडक डाग. मॅप खरा मानला तर अख्ख्या पुण्यातल्या विद्यार्थ्यांच्या मेंदूचा पुढचा भाग ऑक्सिजनवाचून तडफडतोय. (सबमिशनच्या आठवड्यात तेही पटतं म्हणा.) ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन असो की सायनसमधली हवा, सिग्नल दोन्हींमुळे लवकर पडतो, आर-टू-प्राइमला (सिग्नल पडण्याच्या ज्या वेगावरून आम्ही ऑक्सिजन काढतो, त्याला) त्यातला फरक कळत नाही. हवा आणि टिश्यूच्या चुंबकीय गुणात सुमारे ९ पीपीएमची तफावत. एवढा टोकदार बदल सेकंड-ऑर्डर शिमच्या आवाक्यातला नाही.

शिमवरचा माझा राग गेला तो पावसाळ्यात. एक व्हॉलंटियर नाक चोंदलेल्या अवस्थेत आला. टी-टू स्कॅनवर फ्रंटल सायनस (कपाळाच्या हाडातली पोकळी) पांढराशुभ्र, म्हणजे हवेऐवजी शेंबूड भरलेला. आणि त्याच्या मॅपवर डाग जेमतेम! आमच्याकडचा तोवरचा सर्वांत स्वच्छ मॅप सर्दीवाल्याचा निघाला. पण सर्दीची वाट बघत अभ्यास कसा करणार?

सिक्वेन्सचं काम सरळ आहे. १० मिमीचा स्लॅब घ्यायचा, जाडीच्या दिशेने एन्कोडिंग देऊन १.२५ मिमीच्या ८ स्लाइस काढायच्या. एवढ्या पातळ स्लाइसमध्ये फील्ड फारसं बदलत नाही, म्हणून फेज एकमेकांना खात नाहीत. मग मॅग्निट्यूडची (फेज सोडून सिग्नलच्या नुसत्या ताकदीची) सरासरी. आधी आम्ही जाड स्लाइसला सिंक फंक्शनने (फील्डमुळे किती सिग्नल गेला त्याच्या अंदाजाने) भागून दुरुस्ती करायचो. सायनसजवळ सिग्नल शून्याशी आला की भागाकारात नुसता नॉइज फुगायचा.

पहिले काही आठवडे वेळखाऊ म्हणून हिला शिव्या घातल्या. पण सरासरीसाठी तेवढी रिपीट मापं तशीही घेत होतोच, तीच आता कामाला लागली.

माझी खरी तक्रार वेगळी. स्लॅबची कडा काटकोनी नसते, त्यामुळे रॅप (कडेबाहेरचा सिग्नल उलट्या बाजूच्या स्लाइसमध्ये घुसणं) टाळायला १०० टक्के ओव्हरसॅम्पलिंग. १६ एन्कोडिंग करा, १६ स्लाइस मिळवा, ८ फेका! नॉइज त्याने कमी होतो, मान्य. तरी तासावर भाडं भरून केलेल्या स्लाइस फोल्डरमधून डिलीट करताना दरवेळी जीव तुटतो. वर दोन स्लॅबमध्ये गॅप ठेवा तो वेगळाच. शिवाय एकाने मध्येच मान हलवली की त्या मापाचा अख्खा स्लॅब बाद.

कपाळावरचा डाग बहुतेकांत गेला. कानांच्या वर, टेम्पोरल लोबखाली, थोडा उरतोच. स्लाइसच्या प्रतलातल्या ग्रेडियंटवर (फील्डच्या चढउतारावर) या सिक्वेन्सचा इलाज नाही. पाचपैकी साडेतीन. तुम्हाला स्लॉट अर्ध्या तासाचाच मिळत असेल तर स्लॅब कमी करा आणि हवा तेवढाच भाग घ्या.