संयुक्त उपासना, कॅम्प, बेळगाव: ५ पैकी ३

कॅम्पातल्या या प्रॉटेस्टंट चर्चमध्ये एरवी मराठी, कन्नड आणि इंग्रजी उपासना वेगवेगळ्या वेळी होतात. एक मंडळी बाहेर पडते तेव्हा दुसरी फाटकाशी उभी असते. महिन्यातून एका रविवारी मात्र तिघांची एकच उपासना. हा अभिप्राय तिच्याबद्दल.

गायन उत्तम. चाल एक, कडवी आलटूनपालटून मराठी-कन्नड, ध्रुवपद ज्याने-त्याने आपल्या भाषेत. पाश्चात्त्य चालींची गीतं तिन्ही भाषांत आधीपासून असल्यामुळे छान बसतात. रेव्हरंड ना. वा. टिळकांची मराठी ख्रिस्ती पदं मात्र कन्नडात ओढूनताणून बसवू नयेत, अख्खी मराठीतच गावीत. कन्नड मंडळी झांज-तबल्यावर आपसूक साथ धरते. पडद्यावर कन्नड ओळी देवनागरीत देतात ही सोय चांगली, पण ऱ्हस्व ए-ओ वेगळे दाखवत नाहीत. मराठी माणूस सगळेच लांबवतो आणि ताल मागे पडतो. ऎ, ऒ ही अक्षरं टायपिंगमध्ये मिळतात, ती वापरावीत.

उपदेशात गाडी अडते. वीस मिनिटांचा उपदेश दुभाष्यासह चाळीसच्या पुढे जातो, ते चालेल. पण पाळक (पास्टर) चार वाक्यं सलग बोलतात आणि दुभाष्याच्या हाती शेवटचं एकच उरतं. एका वाक्याला एक थांबा, हा नियम हवा. शास्त्रवचनाचं तर जागच्या जागी भाषांतर करूच नये. संदर्भ दोन दिवस आधी द्यावेत, म्हणजे दुभाष्या छापील कन्नड बायबलमधूनच वाचेल. इंग्रजीवाल्यांना मुद्द्यांचा एक कागद मिळतो, तेवढं पुरतं. प्रभूची प्रार्थना सगळे एकदम आपापल्या भाषेत म्हणतात. कुणाची आधी संपते, कुणाची मागे राहते. पाळकांनी थांबून ‘आमेन’ एकदाच म्हणावं.

प्रभुभोजनाचं, म्हणजे भाकर-द्राक्षरसाच्या विधीचं, नियोजन नेटकं आहे. छोट्या पेल्यांचा ट्रे, वाटायला दोन भाषांचे मंडळीतले दोन वडील (एल्डर), रांग एकच.

दोन तारे कापले ते बाकांसाठी आणि चर्चचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीसाठी. डावीकडे मराठी, उजवीकडे कन्नड, मागे इंग्रजी. कुणी सांगितलेलं नाही, तरी बसतात तसंच. दारातल्या स्वयंसेवकांनी पहिल्या पाच रांगा मुद्दाम मिसळून भरल्या तरी फरक पडेल. अमेरिकेतले अभ्यासक एकाच वांशिक गटाचे लोक ८० टक्क्यांहून जास्त नसले तरच मंडळीला मिश्र म्हणतात. त्या दिवशी सभागृह ही परीक्षा सहज पास होतं, पास्टरेट कमिटी होत नाही. नुसत्या एकत्र बसण्यावर भुलू नये. बेळगावातलं मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाचं काम ज्या अमेरिकन चर्चमधून आलं, तिथेच मेथडिस्ट चर्चेसच्या १९३९ च्या एकीकरणात कृष्णवर्णीय मंडळ्यांसाठी ‘सेंट्रल ज्युरिसडिक्शन’ हा वेगळा विभाग काढला आणि तो १९६८ पर्यंत टिकला. नाव एक, बिशप निवडायची चूल वेगळी! आपल्याकडे भाषेआड जातही असते. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशामुळे ख्रिस्ती दलित अनुसूचित जातींत मोजला जात नाही, सोयरीक ठरवताना मात्र बरोबर मोजला जातो. कमिटीत आणि शास्त्रवाचनाच्या यादीत आळीपाळी लावायला खर्च काहीच नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी दहा मिनिटं आधी पोहोचून मधल्या बाकांवर बसावं, मागे आवाज घुमतो. चहा अंगणात असतो, लगेच निघू नका.