व्हायब्रेटर, साधे खोके आणि आठ महिने

आठ महिन्यांपूर्वी प्रौढांसाठीच्या वस्तू विकणाऱ्या एका मोठ्या साखळीकडून मी रिचार्जेबल व्हायब्रेटर मागवला. खोके इतके निर्विकार होते, की आत प्रिंटरची शाई असावी असे कोणालाही वाटले असते. या धंद्याची सारी भिस्त अशा खोक्यांवरच आहे. जर्मनीत बेआटे ऊझे यांनी टपालाने माल पाठवून जम बसवला, 1962 मध्ये फ्लेन्सबुर्गला दुकान थाटतानाही त्याला वैवाहिक आरोग्याच्या संस्थेचे सोज्ज्वळ नाव दिले, आणि तरीही अश्लीलतेच्या खटल्यांनी वर्षानुवर्षे त्यांची पाठ सोडली नाही. ब्रिटनमध्ये ॲन समर्स या दुकानांच्या साखळीच्या जॅकलीन गोल्ड यांनी 1981 पासून हाच माल बायकांच्या घरगुती बैठकांत नेला. तिथे पुरुषांना मज्जाव होता. (मला ही युक्ती खोक्यापेक्षा शहाणपणाची वाटते, चार प्रश्न विचारून वस्तू घेता तरी येते.)

वस्तूबद्दल तक्रार थोडी. सिलिकॉनला वास नाही, आवाज बंद दाराबाहेर जात नाही, कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने ती स्वच्छ होते. मात्र सिलिकॉनच्या वंगणाने तिचा पृष्ठभाग खराब होऊ शकतो, म्हणून पाण्यावर आधारित वंगणच वापरावे, ही सर्वांत महत्त्वाची सूचना माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत आहे. चार्जरचे चुंबक ढिले असल्याने रात्री लावलेली वायर सकाळी निसटलेली असते. सहाव्या महिन्यापासून बॅटरी निम्म्या वेळातच मान टाकू लागली. वॉरंटीचे विचारले, तर स्वच्छतेच्या कारणास्तव उघडलेला माल परत घेत नाही, हे ठरावीक उत्तर दोनदा आले. न आवडलेल्या वस्तूला हा नियम मला पटतो, बिघडलेल्या वस्तूला नाही.

खरे खटकले ते ॲप. जोडणी होण्याआधीच ते ईमेल आणि लोकेशन मागते. कॅनडातील स्टँडर्ड इनोव्हेशन कंपनीच्या वुई-व्हाइब या व्हायब्रेटरांचे ॲप वापराचा तपशील कंपनीकडे पाठवत असल्याचे 2016 मध्ये उघड झाले होते आणि पुढच्या वर्षी 37.5 लाख अमेरिकी डॉलर मोजून कंपनीला त्यावरून झालेला दावा मिटवावा लागला. हे ठाऊक असूनही मी ईमेल दिला. तिसऱ्याच दिवशी, कार्यालयात सर्वांसमोर माझा स्क्रीन उघडा असताना, कोपऱ्यात सवलतीची सूचना झळकली, तीही वस्तूच्या नावासकट. ॲप मी त्याच संध्याकाळी काढून टाकले. आता उपकरणावरच्या तीन बटणांवर काम भागते, आणि मधले बटण अंधारातही चाचपून सापडते.