इंदूर-दिल्ली-इंदूर एका दिवसात, फक्त गोल्ड स्टेटससाठी: ५ पैकी ३ स्टार

मार्चमध्ये सकाळच्या फ्लाइटने दिल्लीला गेले आणि त्याच दिवशी परत इंदूरला, दिल्लीत काम काहीच नव्हतं, एअरपोर्टच्या बाहेर पाऊलसुद्धा टाकलं नाही. एअरलाइनच्या मेंबरशिपमध्ये वर्षभर भरपूर उडणाऱ्यांना गोल्ड स्टेटस, म्हणजे वरचा दर्जा मिळतो, त्याला मला दोन फ्लाइट्स कमी पडत होत्या आणि मेंबरशिपचं वर्ष संपत आलं होतं. रामबागेत आमच्या घरी सगळ्यांनी वेड्यात काढलं, पण कोणाच्या डोक्यात असाच विचार चालू असेल तर त्यांच्या कामाचं म्हणून लिहितेय.

कारण आई. मे महिन्यात तिला घेऊन भावाकडे फ्रँकफर्टला जायचं होतं, वय ७४, गुडघे पार गेलेले आणि दिल्लीला सहा तास थांबायचं. स्टार अलायन्स या एअरलाइन्सच्या गटाचं गोल्ड असलं की लाउंजमध्ये, म्हणजे एअरपोर्टवरच्या आरामाच्या जागेत, आपल्यासोबत एक जण नेता येतो, फक्त तोही त्याच अलायन्सच्या फ्लाइटने जाणारा हवा. शिवाय चेक-इनला वेगळी लाइन आणि जास्तीचं सामान. व्हीलचेअर तर स्टेटस नसलं तरी मागता येते, ती आम्ही घेतलीच.

आता हिशोब, कारण इथेच लोक फसतात. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये आपला असा मेंबरशिप प्रोग्राम सुरू केला तेव्हा माईल्स, म्हणजे पॉइंट्स, अंतरावर मिळायचे, म्हणून तिकडे लोक मुद्दाम लांबच्या रस्त्याने, दोन-तीन ठिकाणी उतरत जायचे, स्वस्त तिकिटात भरपूर माईल्स. २०१५ मध्ये डेल्टा आणि युनायटेडने किती पैसे भरले त्यावर माईल्स द्यायला सुरुवात केली आणि आता आपल्याकडेही बहुतेक तसंच झालंय. म्हणजे इंदूरहून हैदराबादला दिल्लीवरून फिरून गेलात तरी पॉइंट्स भाड्यावरच, आणि त्यातही जीएसटी, एअरपोर्टची फी वगैरे धरत नाहीत. अशी चक्कर परवडते ती फक्त स्टेटस फ्लाइट्सच्या संख्येवरही मिळत असेल आणि एक-दोनच कमी असतील तर. आठ-दहा कमी असतील तर सरळ सोडून द्या.

अजून एक, तिकीट काढायचे पॉइंट्स वेगळे आणि स्टेटसचे वेगळे. क्रेडिट कार्डावरून पॉइंट्स ट्रान्सफर केले की झालं असं माझ्या नणंदेला वाटत होतं, पण त्याने सहसा स्टेटस वाढत नाही, विमानात बसावंच लागतं.

मला जाऊन-येऊन ९,४०० रुपये पडले. सकाळी बिजासन टेकडीच्या बाजूने टॅक्सी निघाली तेव्हा अजून उजाडायचं होतं. दिल्लीला उतरले आणि चार तास गेटजवळच्या खुर्चीत बसून काढले, डब्यात धपाटे आणि लसणाची चटणी होती म्हणून बरं, तिथला चहासुद्धा महाग. मार्च मुद्दाम निवडला, कारण जानेवारीत असंच जायचं ठरवलं होतं तेव्हा धुक्याने जायचीच फ्लाइट पाच तास लेट, परतीची हातातून जाणार हे दिसत होतं, कॅन्सल करावं लागलं. धुक्याच्या दिवसांत त्याच दिवशी परत यायचा प्लॅन करूच नका.

चिडचिड झाली ती तिकिटाच्या पोर्टलमुळे. मेंबरशिप नंबर टाकला होता, तो त्यांनी पुढे पाठवलाच नाही, आठ दिवस झाले तरी खात्यात दोन्ही फ्लाइट्सचा पत्ता नाही. बोर्डिंग पासचे फोटो होते म्हणून क्लेम टाकता आला आणि तीन आठवड्यांनी जमा झालं, फोटो नसते तर ९,४०० पाण्यात. एअरलाइनच्या साइटवरूनच बुक करा आणि बोर्डिंग पासवर आपला नंबर छापून आलाय का ते तिथेच बघा.

आणि मे महिन्यात? लाउंजमध्ये आईने चपला काढल्या, समोरच्या स्टुलावर पाय ठेवले, दोन कप चहा घेतला आणि चक्क तासभर झोपली. गेटवरच्या लोखंडी खुर्चीत हे झालं नसतं. परतीला फ्रँकफर्टहून एक बॅग जास्त आणता आली, तिच्यात वहिनीने नातवंडांसाठी दिलेलं सगळं मावलं.

दोन स्टार कापले कारण फक्त लाउंजच हवं असेल तर पैसे भरूनही बसता येतं आणि एकाच प्रवासासाठी ते स्वस्त पडतं. मला दोन्ही बाजूंचा फायदा झाला, सामानाचाही, म्हणून जमलं. पुढच्या वर्षी आई कुठे जाणार नाहीये, तेव्हा स्टेटस गेलं तर जाऊ दे, ही चक्कर परत मारणार नाही.