खरखरीसकट साडेतीन हजार

पहिल्यांदा लावली तेव्हा ही रेकॉर्ड परत पाठवायची असंच ठरवलं होतं. साडेतीन हजार मोजून पोर्टिसहेड या इंग्लिश बँडची 'डमी' ही नवीकोरी एलपी मागवली. पार्सल सांगलीच्या गावभागात पोचायला अकरा दिवस लागले, कव्हरचा एक कोपरा दुमडलेला, आणि पिन ठेवली तर आतून फोडणीत मोहरी तडतडावी तशी खरखर. आतल्या खोलीतनं आण्णा ओरडले, "पिन घासलीया रं, बदल ती."

आण्णांचा कान खोटा नाही. चाळीस वर्षं त्यांनी लग्नात, जत्रेत लाऊडस्पीकर लावले. झाडाला कर्णा बांधायचा, मांडवाच्या कोपऱ्यात रेकॉर्ड प्लेयर, हातात कायम मऊ फडकं. त्यांच्या धंद्यात खरखर म्हणजे गिऱ्हाइकाला पैसे कापायला आयतं निमित्त. पुढं धंदा माझ्याकडं आला, डॉल्बी झाली, अठरा इंची बेसच्या भिंती झाल्या, पण तो प्लेयर त्यांनी विकू दिला नाही. २०१९ च्या पुरात माळ्यावर होता म्हणून वाचला. खालच्या कपाटातल्या बऱ्याच रेकॉर्डी गेल्या. ज्या धुऊन निघाल्या त्यांच्या खाचांत कृष्णेचा गाळ अजून बसलाय, आणि तो आवाज मी झोपेतसुद्धा ओळखतो. ही खरखर तसली नव्हती.

पिन बदलली. फरक शून्य. मग घड्याळ घेऊन बसलो. एलपी मिनिटाला ३३ पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेते, म्हणजे एक फेरा १.८ सेकंदांचा. रेकॉर्डला ओरखडा असेल तर टक् आवाज दर १.८ सेकंदांनी परत येणार, चुकायचा नाही. इथं तो हिशोबच बसेना. खरखर ठेक्याबरोबर यायची, मध्येच गप्प व्हायची, पुढच्या गाण्यात वेगळीच असायची. शेवटी तीच गाणी मोबाइलवर लावली. तिथं ना पिन, ना रेकॉर्ड, तरी तीच तडतड त्याच जागी. तेव्हा डोक्यात उजेड पडला. ही आपसूक आलेली नाही, करणाऱ्यानं घातली आहे.

करणारा पोर्टिसहेडचा जेफ बॅरो. 'डमी'चं साल १९९४. पोर्टिसहेड हे इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या जवळचं, समुद्राकाठचं छोटं गाव, बॅरो तिथं वाढला. सांगलीच्या पोरानं बँडला बुधगाव नाव द्यावं तसला प्रकार. ड्रम वाजवायची आवड असलेला हा पोरगा ब्रिस्टलच्या कोच हाउस स्टुडिओत टेप ऑपरेटर म्हणून चिकटला. टेपा लावायच्या, गुंडाळायच्या, चहा द्यायचा. आमच्या डॉल्बीवर केबल गुंडाळायला एक पोरगं असतंय, तेच काम. त्या वेळी तिथं मॅसिव्ह अ‍ॅटॅक या ब्रिस्टलच्याच बँडचे लोक आपली 'ब्लू लाइन्स' ही रेकॉर्ड करत होते, १९९१ ला ती बाहेर आली. हे लोक त्याआधी 'वाइल्ड बंच' नावाच्या साउंड सिस्टीममधले. साउंड सिस्टीम म्हणजे काय ते वाचलं आणि खुर्चीत सरळ झालो. जमैकातून आलेली पद्धत, रस्त्यावर, हॉलमध्ये स्पीकरची थप्पी लावून बेस सोडायचा. म्हणजे आमचीच जात! फक्त त्यांनी त्यातनं हळू चालीचं, रात्री उशिरा ऐकायचं काहीतरी काढलं आणि आम्ही अजून खिडक्यांच्या काचा हलवतोय.

या हळू चालीला ट्रिप हॉप म्हणतात. हिप-हॉपचा ठेका, पण पाय ओढत चाललेला.

गायिका बेथ गिबन्स बॅरोला १९९१ लाच भेटली, बेरोजगारांना स्वतःचा धंदा काढायला मदत करणाऱ्या सरकारी योजनेच्या वर्गात. गिटारवाला एड्रियन अटली नंतर आला, तो जॅझमधला मुरलेला माणूस. आता खरखरीची कृती. जुन्या रेकॉर्डीतले तुकडे उचलून सॅम्पलरमध्ये, म्हणजे तुकडे साठवून परत परत वाजवणाऱ्या यंत्रात, घोळवायचे हे सगळेच करत होते. या लोकांनी पुढचं डोकं चालवलं. स्वतः वाजवायचं, ते स्वतःच रेकॉर्डवर कापून घ्यायचं, मग ती रेकॉर्ड जमिनीवर टाकून तिच्यावरनं चालायचं, घासायची, आणि अशी झिजवलेली रेकॉर्ड लावून त्यातले तुकडे उचलायचे. कालची वाजवणी तीस वर्षं जुनी वाटायला लागते. आण्णांना हे समजावून सांगितलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आयला, मग मी जन्मभर फडकं कशाला मारत बसलो?"

उसने तुकडेही आहेत. 'सावर टाइम्स'मध्ये सिनेमाला संगीत देणाऱ्या लालो शिफ्रिनचा, 'ग्लोरी बॉक्स'मध्ये अमेरिकन सोल गायक आयझॅक हेजचा. पण मला विचाराल तर 'रोड्स' लावा. सुरुवातीला नुसता इलेक्ट्रिक पियानो, पाण्यावर दिवा हलावा तसा थरथरतो, आणि ही बाई जणू कुणी ऐकू नये अशा बेतानं गाते. पुढं व्हायोलिनं येतात. गोडाऊनमध्ये नेऊन एकाच अठरा इंचीवर, आवाज चौथाई ठेवून ऐकलं. बेस छातीवर आदळत नाही, पायाखालनं येतो. वीस वर्षं मी बेस विकतोय, हा माल माझ्याकडं नव्हता. सगळंच एवढं चांगलं नाही. 'पेडेस्टल'ला मी दोन्ही वेळा चहा करायला उठलो.

१९९५ ला या रेकॉर्डला मर्क्युरी हा ब्रिटनमधला वर्षाच्या उत्तम अल्बमचा पुरस्कार मिळाला आणि मग नकला निघाल्या. संथ ठेका, थोडी तडतड, दुःखी बाई, झालं. हॉटेलात जेवताना मागं वाजतं तसलं. बॅरो त्यातनं निसटला हे मला आवडलं. १९९७ च्या दुसऱ्या रेकॉर्डनंतर तिसरी यायला २००८ उजाडलं, आणि तिच्यात जुनी ओळख जवळपास पुसून टाकलेली. तिच्यातलं 'मशीन गन' ऐका, ठेका कसला, अंगावर येतो. शिवाय ब्रिस्टलमध्ये इनव्हाडा ही स्वतःची रेकॉर्ड कंपनी, द हॉरर्स या बँडच्या २००९ च्या रेकॉर्डचं काम, बेन सॅलिसबरीबरोबर 'एक्स मॅकिना' सिनेमाचं संगीत.

तर माल कसा आहे? छपाई चांगली, बेस स्वच्छ, आवाजाला जागा आहे. कव्हरवर निळसर उजेडात बेथ गिबन्स, मोठ्या आकारात छान दिसते, दुमडलेल्या कोपऱ्यासकट. मिरवणुकीत लावायला घेणार असाल तर घेऊ नका. स्वस्तातल्या पेटी प्लेयरवरही नको, त्याचा बेस या गाण्यांना पुरत नाही.

एक तक्रार आहे. दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला सात-आठ वेळा टक्, टक्, टक्. घड्याळ लावलं, बरोबर १.८ सेकंद. मोबाइलवर ही टकटक नाही, म्हणजे ही खरी चूक. व्हिडिओ काढून विक्रेत्याला पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं, "सर, ही रेकॉर्ड अशीच वाजते, ती त्यांची स्टाइल आहे."