रक्तदाब घरी मोजताना यंत्र दंडाचे की मनगटाचे?
सांगलीत विश्रामबागला राहणाऱ्या आमच्या मावशींना मिरजेच्या डॉक्टरांनी गोळी सुरू करण्याआधी आठवडाभर घरी रक्तदाब मोजून लिहून आणायला सांगितले आणि यंत्र कोणते घ्यावे, हा प्रश्न घरात उभा राहिला.

खरा निकष अचूकतेचा आहे. हात टेबलावर ठेवून बसले की दंड आपोआप हृदयाच्या पातळीला येतो. मनगट मात्र मुद्दाम छातीपर्यंत उचलून धरावे लागते, आणि ते 10 सेंटिमीटर खाली राहिले तरी आकडा 7-8 अंकांनी फुगतो. घरच्या मोजणीची सरासरी 135/85 किंवा त्याहून अधिक आली तर उच्च रक्तदाब मानतात, त्यामुळे 130 चा 138 झाल्यास निदानच बदलते आणि नको असलेली गोळी मागे लागू शकते.

दंडाच्या यंत्रातही एक मेख आहे. पट्टा दंडाच्या घेराला लहान पडला, तर रक्तदाब खोटाच जास्त दिसतो. दुकानात जाण्यापूर्वी शिंप्याच्या टेपने घेर मोजावाच.

मनगटाचे यंत्र सुटसुटीत आहे, बाही वर सारावी लागत नाही. मात्र मोजण्यापूर्वी 5 मिनिटे शांत बसणे आणि अर्धा तास चहा टाळणे दोन्हींना सारखेच लागू आहे.

निदानासाठी किंवा औषधाचा डोस ठरवण्यासाठी मोजायचे असेल, तर दंडाचेच यंत्र घ्यावे. दंड इतका जाड असेल की मोठा पट्टाही बसत नाही, किंवा दंडावर पट्टा आवळणे वर्ज्य असेल, त्यांनी डॉक्टरांना विचारून मनगटाचे वापरावे.